ताइफचा गुलाब आणि मेंदू

कुठे : सौदी अरेबियातील ताइफजवळचे अल-हदा, अल-शफा हे डोंगरी भाग. हंगाम मार्च-एप्रिल. फुले पहाटेच, ऊन चढण्याआधी खुडतात. मग तांब्याच्या भांड्यांत ऊर्ध्वपातन. तेल आजही तोळ्यावर विकले जाते, एका तोळ्याला (सुमारे ११.७ ग्रॅम) दहा हजारांहून अधिक फुले लागतात!

मान : २०२४ मध्ये या गुलाबाशी निगडित परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत.

तेलातील घटक : सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल. प्रयोगशाळेत आणि उंदरांवरील प्रयोगांत दोन्हींचा दाहशामक गुण दिसला. मेंदूचे म्हणाल तर, या गुणामुळे माणसाचा स्मृतिभ्रंश टळतो, हे सिद्ध झालेले नाही.

फरक : सगळी तेले एकसारखी नसतात. गुलाबाचे तेल हवेत उडून जाते. घाण्यावर काढलेले कलौंजीच्या बियांचे तेल मात्र मुख्यतः स्निग्ध. त्यातला थायमोक्विनोन हा घटक तेवढा उडणारा.

खबरदारी : सुगंधी तेल पोटात घेऊ नये.