खेळणं सुटतं, पेठ सुटत नाही

या आठवड्याच्या व्हिडिओत 'जुना माणूस आपल्याशी का टिकून राहतो' यावर बोलताना मी कोल्हापूरच्या फुटबॉलचं उदाहरण दिलं आणि दोन मिनिटांत उरकलं. विषय त्याहून मोठा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आपल्या भोर-वेल्ह्याकडे फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचा मेस्सी, नाहीतर शाळेच्या पीटीच्या तासाला मारलेल्या चार लाथा. आपले खेळ म्हणजे कबड्डी, टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा आणि यात्रेतल्या कुस्त्या. पण कापूरहोळच्या फाट्यावरून कोल्हापूरची एसटी धरली, तर साधारण चार तासांत तुम्ही अशा शहरात उतरता जिथे फुटबॉल पेठापेठांतून खेळला जातो. चपलांचा माल भरायला मी वर्षातून तीन-चारदा तिकडे जातो. सीझन चालू असला की व्यापाऱ्याचं लक्ष मालापेक्षा शाहू स्टेडियमकडे जास्त असतं. भाव करायला ती वेळ चांगली, पण ते असो.

आधी रचना समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. भारतीय फुटबॉलची एक शिडी आहे. सगळ्यात वर आयएसएल, त्याखाली दुसऱ्या पायरीची राष्ट्रीय लीग, मग तिचे खालचे विभाग, मग राज्य, मग जिल्हा. कोल्हापूरची लीग चालवते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, स्थापना १९४०. शिडीच्या हिशेबाने ही अगदी खालची, जिल्ह्याची पायरी. तरीही पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांच्यातला मोठा सामना असला की भर उन्हात हजारो माणसं पायऱ्यांवर बसतात. आयएसएलच्या काही संघांना एवढी गर्दी जमवायला जाहिराती कराव्या लागतात.

आता नावं परत एकदा वाचा. निम्म्या नावांत 'तालीम' आहे. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. कोल्हापुरात तालमी आधी आल्या आणि फुटबॉल त्यांच्या अंगणात वाढला. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. तालमीत पैलवानाचं वय झालं, कुस्ती सुटली, की तो 'माजी' होत नाही, 'वस्ताद' होतो. त्याची बसायची जागा ठरलेली असते. नवीन पोरगं आलं की आधी त्याच्या पाया पडतं. आपल्याकडच्या यात्रेतही बघा, आखाड्याच्या कडेला म्हाताऱ्या पैलवानांना फेटा बांधून पुढच्या रांगेत बसवतात. ज्यांनी त्यांची एकही कुस्ती पाहिलेली नाही अशी पोरंसुद्धा त्यांना वाट करून देतात. कोल्हापूरच्या फुटबॉलने ही रीत आयतीच उचलली. खेळणं सुटलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे खुर्ची आधीपासून तयार होती.

एकदा व्यापारी मित्राबरोबर मी शाहू स्टेडियमवर सामना बघत होतो. साठीच्या पुढचे एक गृहस्थ पायऱ्या चढून आले. साधा शर्ट, हातात पिशवी. आमच्या पुढच्या रांगेतली पाच-सहा पोरं न सांगता सरकली. एकाने चहा पुढे केला. मी मित्राला विचारलं, कोण हे, नगरसेवक का? तो म्हणाला, "छे, लेफ्ट आउट खेळायचे." एवढंच. सरकलेल्या पोरांपैकी कुणीही त्या माणसाला खेळताना पाहिलं असणं शक्य नव्हतं.

असं का होतं, यावर मी बराच विचार केला. बीबीएला आम्हाला 'ब्रँड लॉयल्टी' शिकवली होती: दर्जा, किंमत, सवय, जाहिरात. त्यात हे बसत नाही. ते गृहस्थ आता काही विकत नाहीत, संघाला गोल मिळवून देत नाहीत. मग पोरं कशासाठी सरकली?

पहिलं कारण म्हणजे पुरावा नसणं. मेस्सीचा कुठलाही गोल तुम्ही आत्ता मोबाईलवर बघू शकता. तो विसरायची सोय नाही आणि लक्षात ठेवायची गरजही नाही. पण तालमीच्या संघाने तीस-चाळीस वर्षांपूर्वी मारलेला गोल कॅमेऱ्यात कुठे असणार? पेपरात दोन ओळी आल्या असतील, बाकी सगळं बघणाऱ्यांच्या तोंडात. बाप पोराला सांगतो, पोरगं मित्रांना. सांगणारे गप्प झाले तर तो गोल झालाच नव्हता असं होईल. म्हणजे छोट्या क्लबचा चाहता नुसता प्रेक्षक नसतो, तो त्या खेळाडूची वहीखातं असतो. आणि जी वही आपण स्वतः लिहिली, ती माणूस रद्दीत घालत नाही.

दुसरं कारण, खेळाडू डोळ्यांसमोर राहतो. मोठ्या क्लबचा खेळाडू निवृत्त झाला की बंगल्यात जातो. पेठेतला खेळाडू पेठेतच राहतो. कुणाचं दुकान असतं, कुणी नोकरीला असतो, कुणी गल्लीतल्या पोरांना शिकवतो. तुम्ही दहा वर्षांचे असताना ज्याच्यासाठी घसा बसवलात, तो चाळिसाव्या वर्षी तुमच्या शेजारी रेशनच्या रांगेत उभा असतो. त्याच्या पोटरीवरचा व्रण तुम्हाला माहीत असतो, तो कुठल्या सामन्यातला तेही. अशा माणसाबद्दल जे वाटतं ते कौतुक कमी आणि घरोबा जास्त.

तिसरं कारण हिशेबाचं आहे आणि आपण धंद्यातली माणसं, म्हणून तेही बोलू. जुन्या काळात पेठेच्या खेळाडूला मिळायचं काय? बूट, जर्सी, एखादं बक्षीस, सामन्यानंतरचं जेवण. त्याने दिलं जास्त आणि घेतलं कमी, हे सगळ्यांना दिसत होतं. ती उधारी पेठ अजून फेडतेय. आज पैसे वाढलेत, बाहेरचे खेळाडू येतात, आफ्रिकेतूनही आलेत. चांगले खेळतात, लोक त्यांनाही डोक्यावर घेतात. पण वीस वर्षांनी त्यांच्यासाठी कोण सरकेल, सांगता येत नाही.

फार गोड चित्र रंगवतोय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजू. हेच प्रेम उलटतंही. सीझनच्या सुरुवातीला खेळाडूंची नोंदणी होते आणि कोण कुठल्या संघात गेला यावर पेठा पेटतात. आपल्या तालमीचा पोरगा समोरच्या संघाकडून उतरला तर त्याला जे ऐकावं लागतं, ते इथे लिहिता येणार नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्यात, सामने थांबलेत, पोलीस बंदोबस्त तर ठरलेलाच. म्हणजे खेळाडू आपला आहे हे मान्य, पण 'आपला' म्हणजे 'आपल्या मालकीचा' असं काही जणांनी धरलंय. दुकानातही ही गफलत होते, त्याकडे येतोच.

गंमत अशी की लांब गेलेल्यावर हा राग नाही. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला, पण कोल्हापूरने त्या पोराचं जे कौतुक केलं ते जिंकल्यासारखंच. निखिल कदम मोहन बागानपर्यंत गेला. त्यांना कुणी 'सोडून गेला' म्हणत नाही. शेजारच्या पेठेत गेलेला गद्दार आणि कोलकात्याला गेलेला अभिमान!

हे फक्त कोल्हापूरचं वेड आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये एक्सेटर सिटी नावाचा क्लब आहे, बहुतेक काळ तिसऱ्या-चौथ्या पायरीवर खेळणारा. २००३ पासून तो चाहत्यांच्याच ट्रस्टच्या मालकीचा आहे. त्यांचा स्ट्रायकर होता अ‍ॅडम स्टॅन्सफील्ड. जगाने नाव न ऐकलेला, पण क्लब पाचव्या पायरीवरून तिसऱ्यावर चढला त्या संघातला. ऑगस्ट २०१० मध्ये आतड्याच्या कॅन्सरने तो गेला, वय ३१. क्लबने त्याचा ९ नंबर नऊ सीझन कुणालाच दिला नाही. चाहते मात्र सामन्यांत त्याच्या नावाचं गाणं गात राहिले. मग २०२२ मध्ये त्याचा मुलगा जे स्टॅन्सफील्ड, फुलहॅमकडून एका सीझनसाठी उसना म्हणून, त्याच क्लबात आला आणि तोच ९ नंबर घालून मैदानात उतरला. वडील गेले तेव्हा हे पोरगं सात वर्षांचं होतं. स्टँडमधल्या लोकांनी ते गाणं बारा वर्षं कशासाठी जपलं होतं, हे त्या दिवशी वेगळं सांगावं लागलं नसेल.

आता आपल्या जवळचं, जरा कडू उदाहरण. पुण्यात २००७ मध्ये पुणे एफसी सुरू झाला. खालच्या विभागातून वर आला आणि २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग सीझनला तिसरा. बालेवाडीला येणारे त्याचे चाहते थोडे होते, पण पक्के. मग २०१४ मध्ये आयएसएल आली, एफसी पुणे सिटी आला, सहमालक हृतिक रोशन, सगळा झगमगाट. पुढे पुणे एफसीचा संघ बंद झाला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. त्याच हैदराबादने २०२२ मध्ये आयएसएल जिंकली, तेव्हा संघात आपला अनिकेत जाधव होता! पण पुण्यातल्या चाहत्याने काय करायचं? त्याचे जुने खेळाडू आहेत, आठवणी आहेत, फक्त त्यांना बोलवायला दार उरलं नाही. खुर्ची ठेवायला आधी घर लागतं. फ्रँचायझीचं घर भाड्याचं असतं, तालमीचं स्वतःचं. वाईट वाटतं, कारण चाहते कमी पडले नव्हते.

तर दुकानाचं बोलू. आपल्या बाजारपेठेत दरवर्षी काय होतं? पोरगं चार-पाच वर्षं दुकानात काम करतं, गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखायला लागतं, आणि मग ते शिरवळच्या कंपनीत लागतं किंवा दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं शटर उघडतं. मालक काय म्हणतो? "खाल्ल्या मिठाला जागला नाही." कोल्हापूरचाच न्याय, कंपनीत गेला तर ठीक, शेजारी गेला तर गद्दार. पण त्या पोराच्या गावात शंभर घरं आहेत. वेल्ह्याच्या आतल्या वाडीतून लग्नाचा बस्ता बांधायला निघालेली माणसं भोरला उतरल्यावर कुठल्या दुकानाची पायरी चढतील, हे बऱ्याचदा तोच सांगतो. तुम्ही पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑफरपेक्षा त्याचा शब्द वजनदार, कारण त्याने तुमचं दुकान आतून पाहिलंय.

आमच्याकडे काम करून गेलेली चार पोरं आहेत, त्यातल्या एकाचं आता स्वतःचं चपलांचंच दुकान आहे. चौघांनाही पाडव्याच्या वहीपूजनाला बोलावणं असतं, आणि आल्यावर ती काउंटरच्या आतल्या बाजूला बसतात, बाहेर गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर नाही. नवीन पोरांना मी मुद्दाम सांगतो, मापाचं कपाट याने लावलंय, अजून तसंच आहे. तुम्हीही करा, पण एक्सेलमध्ये 'माजी कर्मचारी संपर्क मोहीम' असा कॉलम काढून करू नका. लोकांना ते लगेच कळतं. शाहू स्टेडियमवरच्या त्या पोरांना कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

आणि एकदा सामना बघायला जाच. थंडीत सीझन सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. सामने दुपारचे असतात, त्यामुळे सकाळची एसटी पुरते. टोपी आणि पाण्याची बाटली न्या. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना असेल तर कुणाच्या बाजूने आलात हे बसायच्या आधी ठरवून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येणार.