खुडूक कोंबडीची व्यवस्था

कल्याण-डोंबिवलीची दाट वस्ती जेथें संपते तेथपासून मुरबाड-शहापूरपर्यंतच्या खेड्यांत परसांतील चारपांच गांवठी कोंबड्या म्हणजे पुष्कळदां घरधनिणीची लहानशी पुंजीच असते. त्यांतील एखादी अंडीं घालावयाचें थांबवून खुराड्यांत ठाण मांडून बसली, पिसें फुलवून अंगावर येऊं लागली, म्हणजे ती ‘खुडूक’ झाली असें समजावें. हा रोग नव्हे. ही उबवणीची उपजत ओढ होय. निवडक पैदाशीनें लेगहॉर्न जातींतून ती जवळजवळ नाहींशी करण्यांत आली आहे. गांवठी कोंबडींत मात्र ती पुरेपूर आहे, आणि म्हणूनच तिची वीण यंत्रावांचून घरच्या घरीं चालते.

पिलें हवीं असल्यास टोपलींत कोरडा पेंढा घालून तिच्याखालीं 10-12 ताजीं अंडीं एकाच वेळीं ठेवावीं. सातव्या रात्रीं दिव्यासमोर धरलेल्या सजीव अंड्यांत तांबड्या शिरांचें जाळें दिसतें. उरलेलीं काढून टाकावीं. 21 व्या दिवसाच्या सुमारास पिलें बाहेर पडतात.

पिलें नको असल्यास तिला पाण्यांत बुचकळणें किंवा तिच्या नाकपुडींत पीस खुपसणें हे क्रूर उपाय करूं नयेत. पोटाखालच्या उबेनें ही ओढ टिकते. म्हणून खालून वारा खेळेल अशा, पट्ट्यांच्या बुडाच्या पिंजऱ्यांत दाणापाण्यासह तिला तीनचार दिवस ठेवावें.

निर्णय मात्र लगेच व्हावा. रिकाम्या जागीं बसून राहिलेली कोंबडी पुरेसें खात नाहीं, उवांनीं त्रासते व खंगते. अंडीं तर जातातच, पण पिलेंहि मिळत नाहींत.