सुई आली, सुरी गेली?

मार्च 2025 मध्ये वजन उतरवणारं मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत कुणी जिलेबीला नाही म्हटलं, की शेजारचा हळूच विचारतो, ‘इंजेक्शन सुरू केलंस का?’ त्याच्या जोडीला एक निष्कर्षही फिरतोय: आता वजनासाठीच्या बायपासचे दिवस संपले. जरा घाईच होतेय. आठवड्याला टोचून घ्यायच्या या औषधांचा मुख्य आधार जीएलपी-1 या संप्रेरकाच्या कामावर आहे, आणि गॅस्ट्रिक बायपास झालेल्या पेशंटच्या शरीरात, विशेषतः जेवणानंतर, तेच संप्रेरक आपसूक वाढतं.

हे ऑपरेशन सुचलं ते अल्सरच्या शस्त्रक्रियांवरून. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या बायकांचं वजन उतरतं आणि सहजी परत चढत नाही, हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे सर्जन एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं. 1966 मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासोबत पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. आजच्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करतात आणि लहान आतड्याचा खालचा भाग वर ओढून तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पाचकरसही तयार करतं. फक्त अन्न त्याच्या वाटेला जात नाही; पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्याला बराच खाली जाऊन भेटतो. (आपल्याकडे जास्त होणारी ‘स्लीव्ह’ वेगळी. तिच्यात जठराचा मोठा भाग कापून काढून टाकतात, आतड्याला हात लावत नाहीत.)

म्हणजे पोट लहान, म्हणून खाणं कमी, म्हणून वजन कमी? बरीच वर्षं सर्जनही असंच समजत होते. या समजाला धक्का दिला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल गावच्या वॉल्टर पोरिस यांनी. त्यांनी 1995 मध्ये 608 पेशंटांचा 14 वर्षांचा हिशेब मांडला. त्यात मधुमेह असलेल्या ज्या 146 जणांची माहिती हाती होती, त्यांतल्या 121 जणांची साखर नॉर्मल राहिली होती. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 152 पैकी तर 150 जणांची. पोरिस यांच्या निबंधाचं शीर्षकच साधारण ‘कुणाला वाटलं असतं!’ अशा थाटाचं होतं. वैद्यकीय नियतकालिकात उद्गारवाचक सूर एरवी कोण लावतो? त्याहून चक्रावणारी गोष्ट वेगळीच होती. साखर वजनाच्या मागोमाग नव्हे, त्याच्या आधी, काही दिवसांतच खाली येत होती. अन्न आतड्यात लवकर आणि खालपर्यंत पोचलं, की तिथून निघणारे संदेश बदलतात. 2002 मध्ये डेव्हिड कमिंग्ज यांना बायपास झालेल्यांत घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरकही फार कमी आढळलं. ‘जिभेवर ताबा नाही’ हा जाड माणसाला ऐकवला जाणारा टोमणा इथे निदान अर्धा तरी खोटा ठरतो.

मात्र ‘मधुमेह कायमचा बरा’ अशी जाहिरात दिसली, तर क्लीव्हलँड क्लिनिकची ‘स्टॅम्पीड’ चाचणी आठवावी. पाच वर्षांनंतर एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) सहा किंवा त्याखाली राहिलेले पेशंट बायपास गटात 29 टक्के होते, नुसत्या औषधांच्या गटात पाच टक्के. फरक मोठाच, पण 29 म्हणजे शंभर नव्हे.

कुणाला हे ऑपरेशन लागू पडतं, या प्रश्नात पुण्याचा धागा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, हा आपला देशी बांधा. म्हणूनच 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत इतरांसाठी 35 असलेली बीएमआयची रेषा आशियाई लोकांसाठी 27.5 वर आणली गेली. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं या रेषेवरचं वजन भरतं साधारण 77 किलो. इतक्या वजनाला आतडं वळवायचं का, यावर शंका घ्यायला भरपूर जागा आहे. विमा कंपन्यांनी ती घेतलीच आहे: पॉलिसीच्या अटींत अजून 40, किंवा गंभीर सहव्याधी असतील तर 35 हाच आकडा आहे.

सुईविरुद्ध सुरीचा हिशेब मात्र एकतर्फी नाही. सेमाग्लुटाइड (वेगोव्हीतलं औषध) थांबवलेल्यांच्या वजनातली दोन-तृतीयांश घट वर्षभरात भरून निघाल्याचं एका चाचणीत दिसलं. उलट, स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन दहा वर्षांनंतरही सरासरी 25 टक्के खालीच होतं.

त्याची किंमत रोजच्या जगण्यात चुकवावी लागते. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यायचं. शाकाहारी घरात बी-12 ची मुळातच बोंब असते. वाटीभर श्रीखंड एकदम खाल्लं, तर धडधड, घाम, जुलाब. दारू झरझर चढते, आणि ऑपरेशननंतर व्यसन जडण्याचा धोका अभ्यासांत दिसला आहे. तंबाखूने जोडावर अल्सर होतो. गुडघा दुखतोय म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांनीही होतो, आणि औषध देताना दुकानदार काही विचारत नाही की तुमचा बायपास झालाय का.