काकडीचे वाण आणि मुलखाचे पाऊसमान

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच्या पंधरवड्यात कोकणातील जुन्या घरांच्या मागील पडवीत, भिंतीवर शेणात थापून ठेवलेले तवशाचे बी खरवडून काढण्याचे काम सुरू होते. आणि हे काम बहुधा घरातील वडीलधाऱ्या बाईकडे असते, कारण गेल्या भाद्रपदात कोणत्या वेलावरचे फळ बियाण्यासाठी राखले, ते आढ्याला टांगलेले किती दिवस टिकले आणि कापल्यावर त्याचा गर कसा निघाला, हा सर्व तपशील तिच्या स्मरणाखेरीज अन्य कोणत्याही दप्तरात नमूद नसतो. दापोलीकडील अशा एका घरी हे काम मी शेजारी बसून पाहिले आहे. राखेत घोळलेले ते बी परातीत पसरून ती एकेक दाणा बोटांत दाबून पाही, पोचट तेवढा बाजूस सारी, आणि उरलेल्यांतूनही एका विशिष्ट वेलाचे बी निराळ्या पुरचुंडीत बांधी. त्या वेलाची फळे मोठी होती काय, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “फळं बेताचीच होती. पण श्रावण सरेपर्यंत त्याचं खालचं पान हिरवं होतं. पावसात पान टिकायला हवं, मग फळाचं बघू.”

आधी पान आणि मग फळ, हा जो क्रम तिने सहज सांगितला, तोच उघड्या रानात काकडीचे वाण निवडण्याचा खरा क्रम आहे, असे पुढे निरनिराळ्या मुलखांतील वेल पाहताना माझ्या मनाने घेतले. बियाण्याच्या दुकानातील पाकिटावर मात्र चित्र असते ते फळाचे. आणि विकत घेणारा मनुष्य त्या फळाची लांबी, रंग व तकाकी पाहून मोहित होतो, तेव्हा ज्या आभाळाखाली तो वेल वाढावयाचा आहे त्या आभाळाचा विचार त्याच्या मनातून निसटून जातो. काचेच्या अथवा प्लास्टिकच्या आच्छादनाखाली लागवड करणाऱ्यास पाऊस, दव व वारा यांचा बंदोबस्त काही अंशी करता येतो. उघड्यावर लागवड करणाऱ्यापाशी वाणाची निवड हाच काय तो बंदोबस्त असतो.

दापोलीचे पाऊसमान 3,500 मिलिमीटरांच्या घरात आहे, आणि त्यांतील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा प्रदेशात काकडीची लागवड होते ती भाताच्या खाचरांत नव्हे, तर घराभोवतीच्या परसात आणि वरकस म्हणून महसुली कागदोपत्री नोंदलेल्या उताराच्या हलक्या जमिनीत, जेथे पाणी मुळाशी क्षणभरही उभे राहत नाही. बी आळ्यात टोकतात, आळ्याभोवती मातीचा उंचवटा करतात आणि वेल हातभर होताच तो रानातल्या काठ्यांच्या मांडवावर चढवितात. मांडवाचा हेतू जागा वाचविण्याचा आहे असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु पाऊस उघडल्यावर अर्ध्या घटकेत पानांचे पाणी झडून जावे व खालून वारा फिरावा, हा त्याहून मोठा हेतू आहे. जमिनीवर पसरलेल्या वेलाचे पान दुपारपर्यंत ओले राहते, आणि ओले पान म्हणजे केवडा रोगास दिलेले आमंत्रणच.

केवड्याची सुरुवात ओळखावयाची तर वेलाच्या बुडाकडील पाने पाहावी लागतात. पानाच्या वरच्या बाजूस फिकट पिवळे ठिपके उमटतात, पण ते गोल नसतात. पानाच्या शिरांनी आखून दिलेल्या मर्यादेतच ते वाढतात, त्यामुळे त्यांना कोन येतात. पान उलटून सकाळच्या दवात पाहिले तर त्याच ठिकाणी करड्या-जांभळट रंगाची लव दिसते. या रोगाच्या बीजाणूंना पानावर काही तास पाण्याचा थर मिळाला पाहिजे, तो न मिळाल्यास ते रुजत नाहीत; म्हणून कोकणात त्याचा अंमल आषाढापासून चालतो, तर देशावर भाद्रपद-आश्विनात दव पडू लागल्यावर. याच्या उलट भुरी. तिला पानावर पाण्याची आवश्यकता नसते. देशावरच्या कोरड्या दिवसांत पीठ शिंपडल्यासारखी ती पानावर पसरते आणि कोकणातील मुसळधार पावसात मात्र ती क्वचितच दिसते. एकाच पिकाचे हे दोन शत्रू सह्याद्रीच्या दोन अंगांस असे वाटून गेलेले आहेत, आणि एकाशी टिकाव धरणारे वाण दुसऱ्याशीही धरील असा भरवसा नसतो.

कोकण कृषी विद्यापीठाने ‘शीतल’ हे वाण दिले ते नेमके डोंगरउताराच्या हलक्या जमिनीसाठी आणि अतिपावसाच्या प्रदेशासाठी. पेरणीपासून सुमारे 45 दिवसांत त्याचा पहिला तोडा येतो, आणि फळ हिरवे, मध्यम, 200 ते 250 ग्रॅम वजनाचे असते. घाट ओलांडून पुरंदरच्या अथवा राहुरीच्या बाजूस उतरावे, तो सर्व हिशेबच पालटतो. राहुरीस वर्षाकाठी 500 ते 600 मिलिमीटर पाऊस. त्यामुळे तेथे काकडी हे मुख्यतः बागाईत पीक, आणि त्याचा एक मोठा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीच्या पेरणीचा, म्हणजे ऐन उन्हाळ्यात तोड्यास येणारा. या हंगामाचे जुने व विश्वासाचे वाण म्हणजे पूना खिरा. आखूड, लवकर येणारे, ऊन सोसणारे आणि चवीला गोडसर असे हे फळ. त्याची कीर्ती इतकी दूर गेली आहे की अमेरिकेतील जुन्या वाणांचे बी विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या याद्यांतही ते याच नावाने आढळते, आणि तेथील उष्ण भागांतले बागाईतदार ते हौसेने लावतात.

पूना खिऱ्यात एक बाब मात्र शहरी बाजारास मानवत नाही. फळ थोडे जून होताच त्याच्या सालीवर तांबूस-पिवळट झाक चढते. आत गर करकरीत व रसाळ असतो, पुण्यातील जुन्या पिढीची गृहिणी ती झाक पाहूनच काकडी पसंत करी. पण आडत्याच्या गाळ्यावर तीच काकडी ‘पिकली’ म्हणून दुय्यम प्रतवारीत ढकलली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले ‘हिमांगी’ हे पांढरट फळाचे वाण या तांबूसपणापासून मुक्त आहे. त्याची वंशावळ मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगतो.

हिमांगीच्या जनकांपैकी एक कल्याणपूर अगेती, हे उत्तरेकडील वाण. आणि दुसरे पॉइनसेट. पॉइनसेट हे अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील क्लेमसन विद्यापीठाने 1966 साली प्रसृत केले. तो प्रदेश उष्ण व दमट, पावसाळी उन्हाळ्याचा. म्हणून तेथील वनस्पतिशास्त्रज्ञांना केवड्यास दाद न देणारे वाण हवे होते. त्यासाठी लागणारी प्रतिकारशक्ती त्यांना लाभली ती भारतातून गेलेल्या आणि त्यांच्या सरकारी संग्रहात 197087 या क्रमांकाखाली नोंदलेल्या बियाण्यातून. हे अगदी स्वाभाविक होते. काकडीचे मूळ स्थान आपल्याच भूमीत आहे, हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत तिची लहान, कडू फळांची रानटी भावंडे आजही वाढतात. आणि जेथे वनस्पती व तिचा रोग सहस्रावधी पावसाळे एकत्र नांदले, तेथेच त्या रोगाशी टिकण्याचे सामर्थ्य सापडावयाचे. येथून गेलेला तो गुण समुद्रापलीकडील वाणात मुरला, आणि पॉइनसेटच्या रूपाने परत येऊन राहुरीच्या क्षेत्रावर पुन्हा या मातीत मिसळला. ज्या अनाम कुटुंबांनी ते मूळ बी राखले असेल, त्यांनीही बहुधा श्रावणात कोणाचे खालचे पान हिरवे राहते हेच पाहिले असेल, असा माझा अंदाज आहे.

हा गुण शाश्वत मात्र नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अनेक दशके टिकलेला तो प्रतिकार 2004 साली केवड्याच्या नव्या प्रकारापुढे ढासळला आणि काकडीच्या मळ्यांची फार मोठी हानी झाली. ज्या वाणाची प्रशंसा आज करावी त्याच्याकडे पुढील पावसाळ्यात पुन्हा नव्या नजरेने पाहावे लागते, ते यासाठी.

थंड मुलखाची अडचण याहून निराळी. काकडीचे बी 25 ते 30 अंश उष्णतेत तीन-चार दिवसांत उगवते. 15 अंशांच्या खाली ते मातीत पडून राहते व पुष्कळदा कुजते, आणि हिमाचा एक तडाखा उभा वेल काळा पाडतो. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात हेन्री मंगर यांनी काढलेले ‘मार्केटमोर’ हे थंड व दमट हवेतील खरड्या रोगास आणि केवड्याहून वेगळ्या अशा मोझॅक विषाणूस तोंड देणारे वाण. आणि दक्षिणेतील पॉइनसेट उत्तरेत चालावे म्हणून त्यासही खरड्याचा प्रतिकार मुद्दाम जोडून ‘पॉइनसेट 76’ सिद्ध करावे लागले. फळ तेच, परंतु अक्षांश बदलताच पानास नवे कवच द्यावे लागले. इंग्लंडात वा न्यू जर्सीत स्थायिक झालेली आपली माणसे गावाकडून काकडीचे बी मोठ्या प्रेमाने नेतात. त्यांनी ते घरात उबेला रुजवून, रात्रीची थंडी ओसरल्यावरच बाहेर लावावे.

पानानंतर फूल. काकडीच्या वेलास नर व मादी फुले निरनिराळी येतात, आणि प्रथम येतात ती नर फुले; त्यामुळे आठ-दहा दिवस नुसती फुले गळताना पाहून नवखा मनुष्य घाबरा होतो. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीच घडलेली असते. दिवस मोठा आणि उष्णता अधिक असली की नर फुलांचे प्रमाण वाढते. दिवस लहान व हवा शीतल असली की मादी फुलांचे. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात तोच वेल फुलतो पुष्कळ व फळतो थोडा. केवळ मादी फुले देणारी संकरित वाणे यावर उपाय म्हणून पुढे आली. परंतु त्यांच्यातही कडक उन्हात नर फुले डोकावू लागतात. भर उन्हाळ्यासाठी वाण घेताना त्याच उन्हाळ्यात, त्याच तालुक्यात त्याचे तोडे कोणी पाहिले आहेत काय, हे विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत.

फूल उमलते पहाटे आणि त्याच दिवशी मावळते. त्या एका सकाळी सातेरी मधमाश्यांचे पुरेसे फेरे झाले नाहीत, तर फळ वाकडे, एका टोकास निमुळते असे होते, कारण ज्या भागातील बी धरले नाही तो भाग फुगत नाही. कोकणात संततधारेच्या आठवड्यात धरलेली काकडी अशी वेडीवाकडी दिसते, याचे कारण मातीत शोधू नये. हरितगृहासाठी काढलेली, परागीभवनाशिवाय बिनबियांचे फळ धरणारी वाणे हल्ली उघड्या मळ्यांतही लावली जातात. माशी पोहोचली की त्या फळांत बी धरते आणि त्यांचा आकार बिघडतो. शिवाय पावसाचा मारा सोसण्याची त्यांना सवय नसते. हे महागडे बी उघड्यावर लावण्यास मी कोणासही सुचविणार नाही.

आणि काही मुलखांत काकडीचा हट्टच सोडणे इष्ट. सोलापूर-मराठवाड्याच्या जिराईत काळ्या रानात खरीप पिकांच्या ओळींतून जे वाळूक वाढते, ते दिसावयास काकडीचे भावंड, पण जातीने खरबूज व चिबूड यांच्या कुळातले. काकडीत गुणसूत्रांच्या 7 जोड्या, यांत 12. त्यामुळे शेजारी लावले तरी दोहोंचा संकर होत नाही. पाण्याची ओढ बसली की काकडीच्या देठाकडील भागात व सालीखाली कडवटपणा उतरतो; काही जण त्याचा दोष शेजारच्या कारल्याच्या मांडवास देतात, पण तो दोष चुकलेल्या पाळीचा व तापलेल्या हवेचा असतो. जेथे पाण्याची शाश्वती नाही तेथे वाळूक हेच त्या आभाळाचे फळ होय.

काकडीचीच दोन वाणे मात्र एकमेकांत सहज मिसळतात, म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी त्यांच्यात निदान अर्ध्या किलोमीटरचे अंतर ठेवण्याचा दंडक आहे. लहान खातेदारास ते शक्य नसते. त्याने संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी एक मादी व एक नर कळी सुताने बांधून ठेवावी. सकाळी सोडून नराचे पराग मादीस लावावे आणि मादी पुन्हा बांधावी. फळाच्या देठास खुणेची चिंधी असावी, म्हणजे घरातले कोणी ते कोशिंबिरीस तोडणार नाही. नवे वाण पहिल्या वर्षी सर्व क्षेत्रावर न लावता जुन्याच्या शेजारी दोन सऱ्यांवर लावावे, आणि तिसऱ्या तोड्याच्या सुमारास दोहोंची बुडाकडील पाने उलटून पाहावीत. पुरंदरकडील एका शेतकऱ्याने मला आपल्या अशा सऱ्या दाखविल्या तेव्हा नव्या संकरिताची फळे अधिक लांब व देखणी होती, पण गुडघ्याखालचा वेल वाळला होता. शेजारचा हिमांगी बुडापर्यंत हिरवा होता. पुढील पावसाळ्यासाठी त्याने हिमांगीचेच बी सांगून ठेवले, आणि ते संकरित वाण उन्हाळ्यात पुन्हा एकवार पाहण्यासाठी राखले.