किती कापायचं?
(लेखमाला : कर्करोगाचे अभ्यासक – लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांची गोष्ट पाहिली. बीजकोश काढल्यावर स्तनातली गाठ आकसते, हे त्यांनी १८९६ साली जगापुढे मांडलं. त्याआधी दोनच वर्षं, १८९४ मध्ये, अटलांटिकच्या पलीकडे बाल्टिमोरमध्ये दुसऱ्या एका डॉक्टरने आपल्या पन्नास रुग्णांचा अहवाल छापला होता. पुढची ऐंशी वर्षं स्तनाच्या कर्करोगाचा उपचार बीटसनच्या नव्हे, तर याच माणसाच्या वाटेने गेला.

विल्यम हॉल्स्टेड हे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे प्रमुख सर्जन. ऑपरेशनच्या वेळी रबरी हातमोजे घालण्याची पद्धत रुजवणारे ते हेच. हात अत्यंत काटेकोर, रक्तस्राव कमीत कमी, टाके बारीक. कर्करोग कसा पसरतो याविषयी त्यांचं मत पक्कं होतं. पावसाळ्यात भिंतीवरची ओल एका कोपऱ्यातून इंच इंच सरकत जाते, तसा तो स्तनातून काखेतल्या लसग्रंथींत आणि तिथून पुढे सरकतो, असं ते मानत. मग उपाय उघडच होता. ओल जिथवर पोचली असेल त्याच्या पलीकडून कापायचं. पूर्ण स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतल्या साऱ्या ग्रंथी, हे सगळं एकाच तुकड्यात काढायचं.

हॉल्स्टेडना आज खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. त्या काळी बायका येत त्या गाठ फुटून जखम झाल्यावर. युरोपातल्या नामांकित सर्जनांनी ऑपरेशन केलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या छातीवर रोग पुन्हा उगवायचा. हॉल्स्टेड यांच्या पन्नासपैकी फक्त तिघींच्या बाबतीत तो त्याच जागी परतला. ज्या बाईच्या छातीवर दुर्गंधी येणारी जखम वाहत असे, तिच्यासाठी हा मोठाच दिलासा होता.

अडचण वेगळीच होती. छाती स्वच्छ राहायची, आणि दोन-चार वर्षांनी तीच बाई हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसात रोग घेऊन परत यायची. ओलीचं गणित खरं असतं तर असं घडायला नको होतं. पण हॉल्स्टेडच्या शिष्यांनी, आणि त्यांच्याही शिष्यांनी, यातून एकच अर्थ काढला. आपण पुरेसं कापलं नाही. मग छातीचा धाकटा स्नायूही गेला. १९५० च्या दशकात काही सर्जन बरगड्यांचे तुकडे आणि छातीच्या हाडामागच्या ग्रंथीही काढू लागले. वाचलेल्या बायकांची छाती खोल गेलेली असे, खांदा आखडे, हात आयुष्यभर सुजलेला राही. त्यातली अनेक ऑपरेशनं अशी की, भूल देताना गाठ कसली आहे हेच ठाऊक नसायचं. गाठीचा तुकडा तपासायला जाई, कर्करोग निघाला की बाई बेशुद्ध असतानाच स्तन काढला जाई. आपल्या शरीराचं काय झालं, हे तिला जाग आल्यावर कळायचं.

शंका घेणारे होते. लंडनचे जेफ्री केन्स (अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे भाऊ) १९२० च्या दशकातच गाठीत रेडियमच्या सुया टोचून स्तन वाचवू पाहत होते. एडिंबराचे मॅकव्हर्टर, क्लीव्हलंडचे जॉर्ज क्राइल यांनीही कमी कापूनही रुग्ण तितकेच जगतात असं सांगितलं. ‘तुमचे रुग्ण मुळातच बरे होते’ एवढ्या एका वाक्यात त्यांना गप्प करता यायचं. आणि तो आक्षेप अगदीच खोटा नव्हता. एका सर्जनचे रुग्ण आणि दुसऱ्याचे रुग्ण यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही.

बर्नार्ड फिशर यांचं मोठेपण मला इथे दिसतं. १९१८ साली पिट्सबर्गमध्ये जन्मलेले हे सर्जन सुरुवातीला यकृताच्या आणि अवयवरोपणाच्या प्रयोगांत रमलेले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना कर्करोगावरच्या एका संयुक्त अभ्यासात ओढण्यात आलं. रोगशास्त्रज्ञ असलेले भाऊ एडविन यांच्यासोबत त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि पाहिलं की, कर्करोगाच्या पेशी लसग्रंथींत अडकून बसत नाहीत. त्या पार निघून जातात, लसवाहिन्यांतून रक्तात आणि रक्तातून पुन्हा लसवाहिन्यांत ये-जा करतात. म्हणजे हॉल्स्टेड ज्याला तटबंदी समजत होते, ती तटबंदी नव्हतीच. गाठ हाताला लागेपर्यंत काही रुग्णांत रोग दूरवर पोचलेला असतो, काहींत नसतो, आणि या दोन्हींवर स्नायू कापल्याने फरक पडू नये, असं फिशर यांचं अनुमान होतं.

हे अनुमान तपासायला त्यांनी चिठ्ठीचा मार्ग धरला. १९७१ मध्ये ‘बी-०४’ नावाचा अभ्यास सुरू झाला आणि त्यात सोळाशेहून अधिक स्त्रिया सहभागी झाल्या. ज्यांच्या काखेत गाठी हाताला लागत नव्हत्या, त्यांचे तीन गट पडले. एकीला हॉल्स्टेड पद्धतीचं ऑपरेशन, दुसरीला फक्त स्तन काढून रेडिएशन, तिसरीला फक्त स्तन काढणं आणि काखेला हातही न लावणं. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टर ठरवणार नव्हता, बाईही ठरवणार नव्हती. ती चिठ्ठी ठरवणार होती. आयुष्यभर ‘मी पाहिलंय’ या बळावर निर्णय घेणाऱ्या सर्जनांना हे अपमानास्पद वाटलं. काहींनी फिशर रुग्णांचे जीव धोक्यात घालत आहेत असंच म्हटलं.

निकालातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. हॉल्स्टेड गटात काढलेल्या ग्रंथी तपासल्या तेव्हा सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या काखेत कर्करोग सापडला. चिठ्ठीमुळे तिन्ही गट सारखेच, म्हणजे ज्यांची काख उघडलीच नाही त्यांच्यातही साधारण तितक्याच जणींच्या ग्रंथींत रोग मागे राहिला असणार. पण पुढच्या काळात त्यांच्यापैकी १८-१९ टक्के जणींच्याच काखेत तो वर आला, आणि तेव्हा त्या ग्रंथी काढल्या गेल्या. २५ वर्षांनी हिशेब केला तेव्हा तिन्ही गटांतल्या जगण्याच्या प्रमाणात महत्त्वाचा फरक निघाला नाही. रोग मागे ठेवूनही आयुष्य घटलं नव्हतं. ऐंशी वर्षांचा सिद्धान्त याहून स्पष्टपणे कोसळू शकला नसता.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. स्तन तरी का काढायचा? १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘बी-०६’ मध्ये चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या स्त्रियांची पुन्हा चिठ्ठीने विभागणी झाली. पूर्ण स्तन काढणं, फक्त गाठ काढणं, किंवा गाठ काढून रेडिएशन. नोंदणी सुरुवातीला रखडली. स्तन राहणार की जाणार हे चिठ्ठीवर सोडायला कोण तयार होईल? तरीही अठराशेहून अधिक स्त्रिया तयार झाल्या. या इतिहासात फिशर यांचं नाव राहिलं आणि त्या स्त्रियांची राहिली नाहीत, पण उत्तर मिळालं ते त्यांच्यामुळे. वीस वर्षांनी तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं. फरक पडला तो दुसरीकडे. फक्त गाठ काढलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला, तर रेडिएशन घेतलेल्यांत १४ टक्के. टाटा रुग्णालयात ज्याला पेशंट ‘लाइट घेणं’ म्हणतात, ते गाठ काढल्यावरही का घ्यावं लागतं, याचं कारण या दोन आकड्यांत आहे. मिलानचे उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर स्वतंत्रपणे केलेला अभ्यासही त्याच निष्कर्षाला पोचला. दोघांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले.

प्रयोगशाळेबाहेरही कुणी तरी लढत होतं. अमेरिकी पत्रकार रोझ कुशनर यांना १९७४ मध्ये स्वतःच्या स्तनात गाठ लागली. आधी फक्त तपासणी करा, पुढचं मी शुद्धीवर असताना ठरवीन, एवढीच त्यांची मागणी होती. अनेक सर्जनांनी ती नाकारली. कुशनर यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, सभा गाजवल्या, आणि १९७९ मध्ये सरकारी तज्ज्ञ समितीने ‘एकाच भुलेत तपासणी आणि कापणी’ थांबवण्याची शिफारस केली, तेव्हा कुशनर स्वतः त्या समितीत होत्या.

फिशर यांच्या वाट्याला १९९४ मध्ये मोठी मानहानीही आली. माँट्रियलच्या एका सर्जनने काही रुग्णांच्या नोंदींत खोटेपणा केल्याचं उघड झालं आणि फिशर यांना या अभ्यासगटाच्या प्रमुखपदावरून हटवण्यात आलं. त्या नोंदी वगळून पुन्हा हिशेब केला तरी निष्कर्ष बदलले नाहीत. तीन वर्षांनी पिट्सबर्ग विद्यापीठाने त्यांची माफी मागितली. २०१९ मध्ये वयाच्या १०१व्या वर्षी ते गेले.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८० पासून स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया होऊ लागली. डॉ. केतायून दिनशॉ आणि सहकाऱ्यांनी तिथे २००० पर्यंत असे उपचार घेतलेल्या १,०२२ स्त्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण आपल्याकडे प्रश्न निराळाही आहे. अनेक जणी येतात तेव्हा रोग हाडांत-फुप्फुसांत गेलेला असतो. अशा वेळी मूळ गाठ काढावी का? जगभर डॉक्टर ती काढत होते, अनुभवाच्याच भरवशावर. टाटामधल्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने २००५ ते २०१३ दरम्यान ३५० स्त्रियांवर पुन्हा चिठ्ठीचीच कसोटी लावली. ऑपरेशन झालेल्या १९.२ महिने जगल्या, न झालेल्या २०.५ महिने, फरक नाही म्हणावा इतकाच. आयुष्याचे थोडे महिने हातात असलेल्या बाईला एक ऑपरेशन, त्याचा खर्च आणि मुंबईतला तो मुक्काम टाळता येतो, हे त्या निकालाने सांगितलं. माझ्या मते फिशर यांचा खरा वारसा हा आहे.

याच गटाने नंतर उलट दिशेचाही प्रश्न विचारला. कापायचंच असेल, तर कापण्याच्या क्षणी पेशी निसटू नयेत म्हणून काही करता येईल का? भारतातल्या अकरा केंद्रांवर सुमारे सोळाशे स्त्रियांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं. दात काढताना हिरडी बधिर करतात ते हेच साधं औषध. पाच वर्षांनी न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के.

(पुढील लेखांकात : मेरी-क्लेअर किंग आणि सतराव्या गुणसूत्रावरच्या जनुकाचा शोध)