नको म्हणायची सोय

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची मोफत देखभाल थांबवली. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानांत नेहमीसारखी बिलं निघाली, सोसायट्यांच्या कार्यालयांत पावत्या छापल्या गेल्या, मुलांनी शाळेचे प्रकल्प टाइप केले. संगणक होते तसेच चालू राहिले. फरक एवढाच पडला, की यापुढे या प्रणालीत एखादी फट सापडली तर ती बुजवणारी दुरुस्ती आपोआप येणार नव्हती. पडद्यावर मात्र सूचना झळकत राहिली: विंडोज ११ घ्या, तुमच्या यंत्रावर ते बसत नसेल तर नवा संगणक घ्या. ती वाचून कितीतरी लोकांच्या तोंडून एकच प्रश्न निघाला, ‘‘चालतंय ना नीट, मग बदलायचं कशाला?’’

हा प्रश्न सहसा हसण्यावारी नेला जातो. वय झालं, नव्याची भीती वाटते, शिकायचा कंटाळा आहे, असं निदान घरातली मुलंही करतात आणि संगणक दुरुस्त करणारेही. मला ते निदान चुकीचं वाटतं, आणि अन्यायाचंही. वर्षानुवर्षं एकाच यंत्रावर पोट भरणाऱ्या माणसाने मनातल्या मनात मांडलेला हिशेब त्या प्रश्नामागे असतो. बदल केला तर माझं काय वाचणार, काय बुडणार आणि बुडालेलं कोण भरून देणार? हा हिशेब अनेकदा बरोबर ठरला आहे, आणि त्याचा पुरावा विंडोजच्याच इतिहासात सापडतो.

२४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ बाजारात आलं आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चं बटण आलं. पुढची सतरा वर्षं जगभरच्या लोकांनी संगणक शिकला तो त्या कोपऱ्यापासून. २६ ऑक्टोबर २०१२ला विंडोज ८ आलं तेव्हा ते बटण काढून टाकलेलं होतं. टॅब्लेटचा जमाना आला, बोटाने सरकवायच्या रंगीत चौकोनांचा पडदा सगळ्यांना हवा आहे, असा कंपनीचा होरा होता. टेबलावरच्या संगणकाला मात्र बोटाने चालणारा पडदा नव्हता, माउसच होता. साधा संगणक बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, मग ‘सेटिंग्ज’, मग ‘पॉवर’, अशी शोधाशोध करावी लागे. लोक वैतागले. हरवलेलं बटण परत आणून देणारी ‘क्लासिक शेल’सारखी छोटी सॉफ्टवेअरं लोक शोधून शोधून बसवू लागले. जेमतेम वर्षभरात, १७ ऑक्टोबर २०१३ला, विंडोज ८.१मध्ये ते बटण परत आलं. पण ते दाबलं की पुन्हा चौकोनच उघडत. जुन्या घडणीची यादी खऱ्या अर्थाने परतली ती २९ जुलै २०१५ला, विंडोज १०सोबत. ‘शिकायचा कंटाळा’ म्हणून ज्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, त्यांचंच म्हणणं अखेर कंपनीला मान्य करावं लागलं.

याच विंडोज १०ने पुढे नाराजीचं वेगळं कारण दिलं. पहिलं वर्षभर ते जुन्या विंडोजवाल्यांना फुकट होतं आणि ते घ्या म्हणून सांगणारी खिडकी वारंवार उघडत असे. ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ हे पर्याय ठळक असत, ‘नको’ मात्र सापडत नसे. अशा वेळी लोक सवयीने कोपऱ्यातली फुली दाबतात. खिडकी नको असली की फुली, हे मायक्रोसॉफ्टनेच त्यांना वीस वर्षं शिकवलं होतं. २०१६मध्ये या फुलीचा अर्थच पालटला. ती दाबली तरी ठरलेल्या वेळी नवी आवृत्ती बसवण्याला तुमची संमती आहे असं धरलं जाऊ लागलं. रात्री एक विंडोज सोडून गेलेल्यांना सकाळी दुसरंच दिसलं. आरडाओरडा झाल्यावर स्पष्ट नकाराचा पर्याय त्या खिडकीत आला. कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक महिलेने विंडोज १०मुळे संगणक बिघडून धंदा बुडाल्याबद्दल न्यायालयातून १०,००० डॉलरची भरपाई मिळवली आणि मायक्रोसॉफ्टने अपील सोडून दिलं.

फुकट मिळतंय तर तक्रार कसली, असं विचारणाऱ्यांनी सप्टेंबर २०१४मधला एक प्रसंग आठवावा. ॲपलने यू-टू या बँडचा नवा अल्बम सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या संगीतसंग्रहात न विचारता टाकला. काही दिवसांतच तो काढून टाकण्यासाठी कंपनीला वेगळी सोय करून द्यावी लागली. लोकांचा राग गाण्यांवर नव्हताच. आपल्या कपाटात कुणीतरी परस्पर हात घातला, याचा तो राग होता.

या सगळ्यात मला सर्वांत गंभीर वाटतो तो ऑक्टोबर २०१८चा प्रकार, कारण तिथे लोकांचं मत वेळेत पोहोचूनही ऐकलं गेलं नाही. विंडोज १०चं एक मोठं अपडेट २ ऑक्टोबरला सुटलं आणि काही संगणकांवरच्या फायलीच नाहीशा झाल्या. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’सारखे फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते आणि ज्यांच्या काही फायली जुन्या जागी राहिल्या होत्या, त्यांची ती जुनी जागा अपडेटने रिकामी म्हणून पुसून टाकली. काही दिवसांत अपडेट थांबवावं लागलं. ते पुन्हा सुरू झालं १३ नोव्हेंबरला. अशा तक्रारी एकूण संख्येच्या मानाने अगदी थोड्या आहेत, असं कंपनीने सांगितलं. पण चाचणीसाठी आधीच ही आवृत्ती वापरणाऱ्या काहींनी फायली गेल्याचं महिनोन्‌महिने आधी कळवलं होतं. कंपनीच्या तक्रार नोंदवण्याच्या यंत्रणेत तक्रारींना मतं मिळत आणि जास्त मतांची तक्रार वर दिसे. फायली गमावलेले लोक थोडे, म्हणून मतं थोडी, म्हणून तक्रार तळाशी. पुढे नुकसान किती गंभीर आहे हे नोंदवण्याची सोय कंपनीने त्या यंत्रणेत केली. दहा हजार लोकांना न आवडलेला रंग आणि एका माणसाचे गेलेले दहा वर्षांचे फोटो, यांची तुलना मतं मोजून होत नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

असा अनुभव आलेला, किंवा नुसता ऐकलेला माणूस काय करतो? तो अपडेटच बंद करून टाकतो. खरा धोका तिथून सुरू होतो.

१२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने ती अनेकांनी बसवलीच नव्हती. परिस्थिती इतकी बिकट झाली, की देखभाल तीन वर्षांपूर्वी संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही कंपनीने अपवाद म्हणून दुरुस्ती काढली. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याची झळ थेट आपल्या उंबरठ्याशी लागली: जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूहाकडच्या टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. आणि हा नॉटपेट्या मुळात पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, कारण ते अपडेट पाठवणारी यंत्रणाच हल्लेखोरांनी ताब्यात घेतली होती. एकदा आत शिरल्यावर बाकीच्या संगणकांवर तो ज्या वाटांनी गेला, त्यांतली एक वॉनाक्रायचीच होती. दुरुस्ती न घेणं महागात पडतं आणि अपडेटवर डोळे झाकून विश्वास टाकणंही धोक्याचं असतं, या दोन्ही गोष्टी त्या एका घटनेत आहेत.

म्हणून ‘अपडेट घेऊ नका’ असं मी कुणालाही सांगणार नाही. माझा आक्षेप आहे तो दोन निराळ्या गोष्टी एकाच पुडक्यात बांधण्याला. सुरक्षेतली फट ही कंपनीने आधीच विकलेल्या मालातली खोट आहे. ती मुकाट्याने आणि मोफत भरून द्यायला हवी. मांडणी बदलणं, नवी सेवा गळ्यात मारणं, ‘स्टार्ट’च्या यादीत ॲपच्या जाहिराती दाखवणं (२०२४पासून विंडोज ११मध्ये त्या दिसू लागल्या) या विक्रीच्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच नावाने, एकाच बटणामागे येतात, तेव्हा जाहिरात टाळायला निघालेला माणूस औषधही टाकून देतो.

विंडोज ११ घेण्याच्या अटी पाहिल्या तरी हाच गुंता दिसतो. त्यासाठी टीपीएम २.० लागतं, म्हणजे संगणकातल्या गुप्त किल्ल्या वेगळ्या सुरक्षित जागी जपणारी यंत्रणा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर आलेला हवा. सुरक्षेचं कारण खोटं नाही. पण २०१६मध्ये घेतलेला, भरपूर मेमरीचा, एसएसडी टाकून चपळ केलेला संगणक या अटींपुढे बाद होतो आणि तो बदलण्याचा सगळा खर्च मालकाच्या माथी येतो.

मराठीपुरतं बोलायचं तर या हिशेबाचा सर्वांत जुना जाणकार आपला डीटीपीवाला आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास असो की तालुक्याच्या गावी, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक लावणाऱ्या कित्येकांचा हात पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर बसलेला. पेजमेकर ७ आलं २००१मध्ये, आणि २००४मध्ये ॲडोबीने त्याचा विकास थांबवला. त्याला युनिकोड कळत नाही. श्रीलिपीसारख्या पॅकेजमधले त्या काळचे फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. पडद्यावर ‘क’ दिसला तरी फायलीत नोंद भलत्याच अक्षराची. तोच फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकूर फुटतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, त्यामुळे ही अडचण उरत नाही. विंडोज २०००मध्ये युनिकोडचा ‘मंगल’ फाँट आला. तो घडवला होता कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. म्हणजे पुढची वाट आपल्याच माणसाने तयार केली होती.

तरी डीटीपीवाला हलला नाही, आणि त्याला दोष देणं मला जमत नाही. पत्रिकेला लागणारी डझनावारी नक्षीदार वळणं त्याच्याकडे जुन्या पॅकेजमध्ये होती. युनिकोडमध्ये बराच काळ मोजकेच फाँट होते. हार्डवेअर लॉकसकट विकत घेतलेलं पॅकेज होतं, शेकडो पुस्तकांचं लावलेलं मॅटर होतं, बोटांत मुरलेला कीबोर्ड होता. त्याच कामाच्या नव्या इनडिझाइनकडे जावं तर २०१३मध्ये ॲडोबीने जाहीर केलं, की यापुढे कायमचा परवाना नाही, वर्गणी भरत राहा. आणि वर्गणीच्या त्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडतच नाहीत. ते काम आधीची सीएस६पर्यंतची इनडिझाइनच करतात. तेव्हा कोपऱ्यात जुनं विंडोज टाकलेला एक संगणक जपून ठेवणं, हा त्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच निर्णय होता. किंमत मात्र मराठीने मोजली. त्या वीस-पंचवीस वर्षांतला केवढा तरी मजकूर आज शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. फाँट बदलून घ्यायचा आणि मग ओळीगणिक प्रूफ पाहायचं, एवढाच उपाय. जुनं न मोडता नव्यात जाण्याची वाट बांधणं हे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं काम होतं. ते झालं नाही आणि भुर्दंड लेखक-प्रकाशकांवर पडला.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात अशा नाराजीला निराळी वाट मिळते. २०११मध्ये लिनक्स या मुक्त प्रणालीवरच्या ग्नोम या लोकप्रिय पडद्याची मांडणी आमूलाग्र बदलली तेव्हा अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुनी मांडणीच पुढे चालवली. ती आज ‘माते’ या नावाने चालते. लिनक्सचीच एक आवृत्ती असलेल्या मिंटवाल्यांनी त्याच असमाधानातून ‘सिनॅमन’ घडवलं. विंडोज ११ने बाद ठरवलेल्या बऱ्याच संगणकांवर मिंट सुखाने चालतं आणि इंटरनेट, पत्रव्यवहार, सिनेमे यांना पुरून उरतं. ज्यांचा धंदा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांची मात्र पंचाईत होते, कारण टॅली विंडोजसाठीच आहे.

अशांनी विंडोज १०वरच राहायचं असेल तर सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. त्यासाठी ३० डॉलर भरा, मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट द्या किंवा आपल्या सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यात ठेवा. ग्राहक संघटनांनी रेटा लावल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या लोकांना पैसे आणि बॅकअप या दोन्ही अटी माफ झाल्या, आपल्याला नाहीत. दुरुस्ती न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. पेजमेकरपुरता ठेवलेला संगणक असेल तर त्याचं इंटरनेट तोडावं आणि त्याला लावायचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासावा.

युरोपीय संघाने २०२४मध्ये केलेला एक निर्देश या बाबतीत मला मोलाचा वाटतो. केवळ नव्या सुविधा आणणारं अपडेट आवश्यक म्हणून सादर करणं, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तो लागू होण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत ग्राहकाच्या मागे सतत लकडा लावणं आहे आणि नको ती कृती करायला भाग पाडणंही आहे. अपडेटचा वेगळा उल्लेख त्यात नाही. तो घालणं अवघड नाही: सुरक्षेची दुरुस्ती स्वतंत्र द्यायची, ती उलटवता येईल अशी ठेवायची, आणि बाकी प्रत्येक बदलाच्या खिडकीत ‘आत्ता’ आणि ‘नंतर’च्या शेजारी, तेवढ्याच आकारात, ‘नको’ हे बटण द्यायचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ‘चालतंय ना नीट’ म्हणणाऱ्यांची तक्रार तिथे मराठीतून नोंदवता येते.