निकोडेमस : गुलामगिरीतून सुटलेल्यांचे शेतकरी गाव

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा म्हटला की आपल्या तरुणांना ब्लॅक पँथर आठवतात. दलित पँथरने नाव तिथूनच घेतले. त्या लढ्यातला जमिनीचा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. म्हणून आम्ही इथे कॅन्सस राज्यातील निकोडेमसची माहिती देत आहोत.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण दक्षिणेत जमीन जुन्या मालकांकडेच राहिली आणि मुक्त झालेला माणूस त्याच शेतावर वाट्याने राबू लागला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडे १६० एकर सरकारी जमीन मिळत होती. अट, पाच वर्षे राहून ती कसण्याची. (ही ‘सरकारी’ जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हेही लक्षात ठेवू या.) १८७७ मध्ये केंटकीतून सुमारे ३०० माणसे निघाली. एलिसपर्यंत रेल्वे, पुढे पन्नासेक किलोमीटर पायी.

जाहिरातीत गाव होते, जागेवर उघडा माळ. लाकूड नाही, म्हणून लोक जमीन खोदून त्यातच राहिले. विलियाना हिकमन यांनी पुढे सांगितले, की गाव कुठे आहे असे विचारल्यावर नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला आणि त्यांना रडू कोसळले. काही कुटुंबे परत गेली. कॅन्ससमधली स्वतःची जमीन गमावलेल्या ओसेज आदिवासींनी पहिल्या हिवाळ्यात अन्न दिले, असे गावकरी सांगत आले आहेत. जनावरे नव्हती, पहिली शेती कुदळीने झाली.

दहा वर्षांत तिथे शाळा, चर्च, हॉटेल, बँक आणि दोन वृत्तपत्रे होती. गावातले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले.

मग १८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली. व्यापारी दुकाने उचलून रुळांजवळच्या बोग गावात गेले. जमीन आपली होती, बाजाराचा रस्ता दुसऱ्याच्या हातात. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती मागितल्या, तेव्हा त्यासाठी सरकारी आयोग आणि सरकारी पैसाही मागितला. निकोडेमसमागे असे कोणी नव्हते.

तरी गाव पुसले गेले नाही. १९३० च्या दशकातल्या दुष्काळ-धुळीतही काही कुटुंबे टिकली. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. आज तिथे मोजकीच माणसे राहतात; जुलैअखेर मात्र देशभर पांगलेले वंशज मुक्तिदिनासाठी गावी येतात. हा मेळावा १८७८ पासूनचा आहे.